मिक्सच्या भिशीत घातलेली घंटी

हेरंब, सरळ विचारते, सरळ उत्तर दे. आम्ही दिलेले मिक्स तू ऐकतोस, की पेन ड्राइव्ह चार दिवस खिशात फिरवून तसाच परत आणतोस? ‘मस्त’, ‘जबरदस्त’, ‘बेस काय आहे!’ हे तर न ऐकताही म्हणता येतं. लग्नाच्या जेवणाला म्हणतात तसं. किती महिने झाले, तुझ्या तोंडून दुसरं काही निघालेलं नाही. आणि तुझा स्वतःचा गेला मिक्स? पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. कोणाकडून उरकून घेतलास? नजर चुकवू नकोस. बोल.

असलं पत्र नीरा कपडे वाळत घालताना मनातल्या मनात लिहीत असे. कागदावर एक ओळ नाही. कागदावर लिहून द्यायची वेळ आली, तर कॉलेजपासूनची मैत्री संपलीच म्हणायची.

हेरंब बडोद्याच्या नागरवाड्यातला. आजोबा गायकवाड सरकारच्या दप्तरात, वडील शाळेत संस्कृत शिकवणारे, आणि हा नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीत. जन्म तिथे गेला. निवृत्त झाल्यावरही कंपनीने त्याला सल्लागार म्हणून ठेवून घेतला, कारण ते जुनं धूड दुसऱ्या कोणाला दाद देत नाही. वडिलांच्या मते मुलगा वाया गेला तो टांझानियाच्या एका विद्यार्थ्यामुळे. हा विद्यार्थी बडोद्यातलं शिक्षण संपवून घरी गेला तेव्हा होस्टेलवर पिशवीभर कॅसेटी सोडून गेला. त्या कॅसेटींवर चौघं जण वाढले: हेरंब, नीरा, श्रीकृष्ण आणि जनार्दन. रेगे म्हणजे जमैकाचं गाणं, ठेका आळसावलेला, पण एकदा अंगात शिरला की निघत नाही. आणि डब म्हणजे त्याच गाण्यातून गाणाऱ्याला हाकलायचं, ढोल आणि खर्जातला बेस तेवढा ठेवायचा, आणि मध्येच एखादा सूर विहिरीत हाक मारल्यासारखा घुमवायचा.

चौघांनी त्याची भिशी घातली. बायकांची असते तशीच, फक्त पैशांऐवजी मिक्सची. महिन्याला चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने, ज्याचं निघेल त्याने गाण्याला गाणं जोडून तासाभराचा मिक्स करायचा. आधी कॅसेट होती, मग सीडी आली, आता पेन ड्राइव्ह. तो हातोहात फिरायचा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, कॉपी करायची नाही, गाण्यांची नावं सांगायची नाहीत. आणि मुख्य नियम: ज्याने त्याने एकट्याने ऐकायचं, आणि रविवारी नीराच्या कारेलीबागेतल्या फ्लॅटवर बटाट्याचा ओलसर लीला चेवडा खात तोंड उघडायचं.

एके काळी हेरंबच्या तोंडाची सगळ्यांना धास्ती असे. “नीरा, तिसऱ्या गाण्याला कात्री लागलीय. झांज अर्धीच वाजते.” वाजत असे अर्धीच. आणि आता हिंचक्यावर झुलत नुसतं ‘मस्त’?

श्रीकृष्ण, या चौघांतला कृष्णा, बँकेतून निवृत्त झालेला. माणूस पहिल्यांदा खोटा धरायचा, मग तपासायचा, अशी त्याची सवय.

“जो ने, बघ नीरा,” तो म्हणाला, “हा ऐकतच नाही. कंटाळलाय आपल्याला. मग भिशीत राहायचं कशाला? काढून टाकू.”

“असं कसं काढायचं? पुरावा?”

“पुरावा तू कर. या महिन्याची चिठ्ठी तुझीच आहे.”

नीराला ही युक्ती आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही. तिने देवघरातली लहान घंटी फोनवर रेकॉर्ड केली आणि मिक्सच्या अर्ध्या भागावर, ठेक्यात ठेका न मिळवता, टिणटिण सोडून दिली. बहिऱ्यालाही कळेल, असं तिला वाटलं.

जनार्दनला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा फोन लगेच आला. “अगं, तुझ्या डबमध्ये देव आला! सून ताट घेऊन धावत आली, म्हणे आरती कुणाकडे?”

पुढे पेन ड्राइव्ह हेरंबकडे गेला. रविवारी त्याने तो टेबलावर ठेवला, तेव्हा जनार्दन आला नव्हता. “स्वच्छ काम. बेस मोकळा सोडलास, बरं केलंस.”

“आणखी काही?” नीराने विचारलं.

“आणखी काय?”

श्रीकृष्णने तिच्याकडे पाहिलं आणि चेवड्यातले शेंगदाणे वेचू लागला. जाताना जिन्यात म्हणाला, “झालं समाधान? पुढच्या रविवारी सांगून टाकू त्याला.”

झालं नव्हतं. ‘बेस मोकळा सोडलास’ हे न ऐकता कसं कळलं? जनार्दनने आधीच सांगून ठेवलं असेल? त्याच्या बायकोने, तेजश्रीने, ऐकून पढवलं असेल? नीराला आता सगळ्यांचाच संशय येऊ लागला. शेवटी एका दुपारी, न कळवता, तिने नागरवाड्याकडे स्कूटर काढली.

दार तेजश्रीने उघडलं. तिच्या कानात कापसाचे बोळे.

“या नीराताई. तुमचंच कीर्तन चाललंय. दिवसातून दोनदा ऐकतात, खिडक्या थरथरतात.”

“पेन ड्राइव्ह तर परत आला.”

“कॉपी केलीय ना. कोणाला सांगू नका म्हणाले. एकदा ऐकून भागत नाही म्हणे.”

म्हणजे नियम मोडला होता तो असा! नीरा आत गेली. हेरंब मोठ्या स्पीकरला टेकून बसला होता, तळवा जाळीवर पसरलेला, डोळे मिटलेले. घंटी खणखणत होती.

“या घंटीने डोकं उठलंय,” तेजश्री ओरडली. “पहिल्या दिवशी वाटलं, शेजारी कोणी पूजेला बसलंय!”

हेरंबने डोळे उघडले. नीराला पाहून हसला. मग बायकोकडे वळला. “कसली घंटी?”

“ही! वाजतेय ती!”

त्याने स्पीकरकडे पाहिलं. मग नीराकडे. तिने मान खाली घातली, आणि तिथेच तिची चोरी पकडली गेली. पत्र्यासारखा मिक्स कोणी केला होता, तेही तिला त्याच क्षणी कळलं. यानेच केला होता. झांज ऐकू येईना म्हणून वाढवत गेला, वाढवत गेला. त्याच्या कानांतले बारीक आवाज कॉम्प्रेसरने कधीच खाऊन टाकले होते. जाड तेवढे शिल्लक होते.

हेरंबने मिक्स बंद केला. “मुद्दाम घातलीस?”

“हो.”

“कृष्णाची अक्कल?”

“हात माझे.”

“तुमच्या मिक्समध्ये मी चुका काढल्या, नीरा. चोर नाही शोधला कधी.”

ती निघाली तेव्हा तो स्कूटरपर्यंत आला. पोळात, त्या अरुंद गल्लीत, कोणी नाही बघून हळू म्हणाला, “कानाचं त्यांना बोलू नकोस. कृष्णा दया करेल, आणि ती मला सोसणार नाही. कंपनीत कळलं तर कॉम्प्रेसरच्या खोलीत पाऊल ठेवू देणार नाहीत. तुझ्या सोसायटीसमोर तो कानाचा डॉक्टर आहे ना? मंगळवारी येतेस बरोबर? तेजश्रीला नेलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोळात होईल.”

“येते.”

श्रीकृष्णला तिने सांगितलं, “ऐकतो तो. घंटी मीच फार हळू ठेवली होती.”

“हळू?” जनार्दन म्हणाला. “मग माझी सून ताट घेऊन उगाच धावली की काय?”

श्रीकृष्णने हेरंबला काढायची गोष्ट परत काढली नाही. तेव्हापासून तो नीराच्याच मिक्सला संशयाने दोनदा कान लावतो. आणि हेरंब? पेन ड्राइव्ह हातात घेताना आता विचारतो, “यात काय घातलंय?” सगळे हसतात. नीरा हसत नाही.

मंगळवारी ती त्याला आणायला गेली. तेजश्री म्हणाली, सकाळच्या बसने कारखान्यात गेले. पुढच्या मंगळवारी त्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या खेपेला नीराचाच पाय निघेना. तिला वाटलं, घंटीचा राग म्हणून तो आपल्याला तेजश्रीसमोर मुद्दाम हेलपाटे घालायला लावतोय. त्याला वाटत असावं, ही कृष्णाला सांगून मोकळी झाली. विचारायचं कोणी कोणाला?

डॉक्टरची पाटी तिच्या गॅलरीतून दिसते. दोघांपैकी कोणीही अजून तो जिना चढलेलं नाही.