दुसऱ्याच्या अक्षरातला अर्ज

त्या सकाळी मी वर्गात इंग्रजीतली दोन क्रियापदं शिकवली: 'एनकरेज' आणि 'पर्स्वेड'. निघालेल्याला बळ द्यावं, ते पहिलं. न निघालेल्याचं मन वळवावं, ते दुसरं. फळ्यावर भेद किती स्वच्छ दिसत होता! बोटांवर खडूची मऊ भुकटी होती आणि मी स्वतःवर प्रसन्न होते.

दुपारी, नुकतीच बारावी झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील स्टाफरूमच्या दारात आले. भाताची रोवणी अर्धी टाकून ते गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला आले होते. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून राखाडी झालेला. त्यांच्याबरोबर उपटलेल्या पऱ्ह्यांचा, भाताच्या रोपांचा ओला, हिरवा वास आत आला. मागे मुलगी. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशअर्जावर त्यांची सही हवी होती. अर्जात मी नागपूरचं महाविद्यालय लिहिलं होतं.

त्यांनी कागदावरून सावकाश बोट फिरवलं.

"मॅडम, हे अक्षर माह्या पोरीचं नाही."

"मीच भरला. चुका नकोत म्हणून."

"काऊन? हुशार आहे म्हनता, अन् तिले आपलं नाव लिहिता येत नाही?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसू दाबलं.

"मी फक्त प्रोत्साहन दिलं."

"आमी बैलालेही देतो. तुतारीच्या काठीचा खिळा टोचून."

मला आधी त्यांचाच संशय आला: रोवणीला हात कमी पडतील, म्हणून हा कांगावा. मग तो संशय माझ्याकडे वळला. नागपूरचं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली होती, "तुमी म्हनाल तसं." त्यात मी होकार ऐकला होता. पण नागपूर कुणाला हवं होतं? माझ्या हाताखालचं कुणीतरी दूरवर पोचलं, हे मलाच तर मिरवायचं नव्हतं?

मी कोरा अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि बाहेर निघाले. मागून तिचा आवाज आला.

"बाबा, तुमी पन बाहेर जा."

व्हरांड्यात आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता उभे राहिलो. थोड्या वेळानं ती अर्ज भरून घेऊन आली. अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. नर्सिंगच, पण महाविद्यालय गोंदियाचं.

"रोज बसनं जानं-येनं करशील?"

"करीन."

त्यांनी कागद भिंतीला टेकवून सही केली.

ती दोघं निघाली. गोंदिया तिच्या मनातलं होतं, की आम्हा दोघांच्या ओढाताणीत मधोमध सापडलेलं एक गाव? विचारण्याचा धीर मला झाला नाही.