दोघींची फळी

फळी मामानं बांधली, पण तिची पाठ आम्ही दोघींनी घासली.

मामा, आईचा धाकटा भाऊ, पेती राफ्रे गावी राहायचा आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात होड्या दुरुस्त करायचा. हॉटेलातले परदेशी पाहुणे लांब फळीवर गुडघे टेकून, वल्हं मारत लागोंमधून फिरत, ते त्यानं पाहिलं होतं. लागों म्हणजे किनारा आणि खडकांची रांग यांच्या मधलं उथळ, शांत पाणी. ताईनं एकदा त्याला सहज विचारलं, "मामा, आम्हाला जमेल का रे असलं काही?" मामाला मूलबाळ नव्हतं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर पडवीत प्लायवूडचे तक्ते येऊन पडले होते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेटावरच्याच रिव्हिएर दू रांपार गावी राहत होतो. बाबा सरकारी कारकून, सकाळच्या बसनं राजधानीत, पोर्ट लुईला जायचे. मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. ताई शाळा संपवून घरीच होती. आईला पोरींनी समुद्रात जाणं पसंत नव्हतं, पण पाणी कमरेइतकंच आहे असं मामानं तिला पटवलं. घरात बाबांसमोर आम्ही मराठी बोलायचो; दोघीच असलो की क्रेओल, बेटावरची रोजची बोली. मामाच्या पडवीत आमचं सगळं क्रेओलमध्येच चालायचं.

मामानं आतून पोकळ सांगाडा केला, वर प्लायवूड ठोकलं, त्यावर फायबरग्लासचं कापड आणि रेझिनचा चिकट लेप चढवला. वाळल्यावर फळी काचेसारखी चमकायला लागली. मला ती तशीच आवडली होती. मामा म्हणाला, चकचकीत पाठीवर काही टिकत नाही. गुडघ्यांखाली रबर बसवायचं तर आधी ही चमक मारली पाहिजे. त्यानं काचपेपर आणि पाण्याची बादली दिली आणि तो हॉटेलात निघून गेला.

चमक मारणं सोपं नव्हतं. काचपेपर ओला करून गोल गोल फिरवायचा, पांढरट पाणी फडक्यानं पुसायचं, फळी उजेडाकडे तिरकी करून बघायची. कुठंतरी नाण्याएवढा ठिपका चमकत राहायचाच. ताई तो शोधून काढायची. घासल्यावर स्पिरिटनं पुसायचं आणि मग हात लावायचा नाही. आई रविवारी सकाळी आमच्या डोक्याला खोबरेल थापायची. तेलकट हात लागला तर रबर पहिल्याच दिवशी सुटेल, असं मामानं बजावलं होतं. म्हणून ताईनं आईला सांगून टाकलं, फळी होईपर्यंत तेल नाही. आई दोन रविवार आमच्याशी धड बोलली नाही.

घासता घासता आम्ही इंग्लंडबद्दल बोलायचो. त्या काळात आमच्या बेटावरच्या पुष्कळ मुली नर्सिंग शिकायला तिकडे जात होत्या. आमचंही ठरलं होतं. ताई माझ्यासाठी वर्षभर थांबणार, माझी परीक्षा झाली की दोघींनी मिळून अर्ज करायचा, एकाच हॉस्पिटलात. बाबा एकीला सोडणार नाहीत, पण दोघी एकमेकींसोबत असल्या तर सोडतील, हा हिशेब ताईचाच होता. मला दुसरा कुठलाही बेत माहीत नव्हता आणि नकोही होता.

रबर लावण्याआधी जागा ठरवायची होती. मामानं फळी पाण्यात नेली. ताई पुढे, मी मागे, दोघी गुडघ्यांवर बसलो. मी फार मागे सरकले की शेपूट बुडायचं, ताई पुढे गेली की नाक. सरकत सरकत एका क्षणी फळी सपाट झाली आणि मामा पाण्यातून ओरडला, हलू नका. त्यानं आमच्या गुडघ्यांभोवती पेन्सिल फिरवली. घरी आणून आम्ही त्या खुणा पक्क्या केल्या. दोन चौकोन, मध्ये वीतभर जागा. मोडीत निघालेल्या एका बसच्या पायरीवरचं पन्हळी रबर मामानं मिळवलं होतं. ते दोन तुकड्यांत कापायचं होतं.

त्याच आठवड्यात तेर रूजच्या आत्याचा निरोप आला, की लोणची घालायची आहेत, धाकटीला थोडे दिवस पाठवा. शाळेला सुट्टी होती, तरी मी कुरकुरले. ताई म्हणाली, जा ना, चिकटवायचं काम मी थांबवते. मी गेले. आत्याकडे गाजर आणि कोबी चिरून उन्हात घातले, मिरच्या फोडल्या. दोन दिवसांत काम संपलं, तरी आत्या मला सोडेना. आज राहा, उद्या राहा. मला वाटलं, तिला माझा लळा लागलाय.

परत आले तो रविवार होता. बसमधून उतरून मी घरी न जाता थेट मामाकडे जाणारी दुसरी बस पकडली. ताई पडवीत होती. फळी दोन स्टुलांवर आडवी होती आणि तिच्यावर रबर बसलेलं होतं. एकच तुकडा, अखंड, मधोमध. आमच्या दोन्ही चौकोनांच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. ताई आईचं लाटणं घेऊन रबराच्या कडा दाबत होती, मधून बाहेर, मधून बाहेर, खाली हवा राहू नये म्हणून. काम फार नीट केलं होतं.

मी म्हटलं, जागा चुकली.

ताईनं लाटणं खाली ठेवलं आणि मराठीत बोलली. आम्ही दोघी असताना ती मराठीत कधी बोलत नसे.

"चुकली नाही. एकटीनं बसायचं तर मधेच बसावं लागतं."

"एकटी कोण?"

"तू. मी पुढच्या महिन्यात जातेय."

मग तिनं बाकीचं सांगितलं. अर्ज तिनं केव्हाच केला होता. दाताच्या डॉक्टरकडे म्हणून पोर्ट लुईला गेली तेव्हा मुलाखत झाली होती. मी तेर रूजला असताना तपासणी आणि कपड्यांची खरेदी झाली, नातेवाईक येऊन भेटून गेले. आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं. मामाला, आत्याला माहीत होतं. लोणच्याची घाई आत्याला नव्हतीच. परीक्षेच्या वर्षात माझं मन बिघडू नये, म्हणून मला लांब ठेवलं असं ताई म्हणाली. एक वर्षानं तू येशीलच की, असंही म्हणाली.

मी रबराचा एक कोपरा नखांनी उचकटला. डिंक अजून पुरता धरला नव्हता. कोपरा वर आला आणि त्याच्यासोबत डिंकाचा पापुद्रा निघाला. ताईनं मला अडवलं नाही. मामा दारात येऊन उभा होता. तो माझ्याकडे बघेना. त्याचं न बघणं मला जास्त लागलं. रविवारमागून रविवार त्यानं आम्हाला दोघींसाठी फळी घासायला लावली होती, आणि त्यातले निदान काही रविवार तरी त्याला माहीत होतं.

ताई जाईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. विमानतळावर गेले, कारण आईनं रडून भाग पाडलं. ताईनं मला मिठी मारली. मी हात वर केले नाहीत.

फळीचा उचकटलेला कोपरा मामानं पुन्हा चिकटवला. पावसाळी वारे ओसरल्यावर त्यानं मला पाण्यात नेलं. मी रबरावर बसले, वल्हं मारलं, आणि फळी तिळभरही न डुलता सरळ निघाली. ताईनं जागा अगदी बरोबर काढली होती. मी खडकांच्या रांगेपर्यंत गेले, लाटा फुटत होत्या तिथं थांबले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तिथं कुणाला ऐकू येत नव्हतं.

माझा निकाल चांगला लागला. मी अर्जाचं काढलं तेव्हा बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं की ते आता होणार नाही. मी आईकडे गेले. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुझ्या ताईनं तुला सांगितलं नाही? धाकटी घरी राहील, असं तिनं कबूल केलं, म्हणून तर त्यांनी तिला सोडलं."

आईला खरंच वाटत होतं की मला ते माहीत आहे.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. नोकरी मला आवडली, हे सांगितलं पाहिजे. लग्न गावातच झालं. आईबाबांचं दुखणंखुपणं मीच पाहिलं. ताई सणाला भेटी पाठवायची, मी आभार कळवायचे. ती आली ती थेट ऐंशीच्या दशकात, बाबा गेल्यानंतर, इंग्लिश नवऱ्याला तिकडेच ठेवून. तिचं मराठी अडखळत होतं. तिनं स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाट घेतला आणि मी मेथी निवडत होते ती निवडू लागली.

बराच वेळ ती हॉस्पिटलबद्दल बोलत होती. मग मीच विचारलं, तू बाबांना माझ्या वतीनं शब्द दिलास ना?

तिनं नाकारलं नाही. म्हणाली, बाबा एकीलाच सोडणार होते. दोघींचं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. कुणीतरी राहणारच होतं.

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी रडले असते," मी म्हटलं. "दोन दिवस जेवले नसते. आणि मग हो म्हटलं असतं. तुला माहीत होतं ते."

ताईचे हात थांबले. ती म्हणाली, "माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही. तू हो म्हणाली असतीस तर मला जाता आलं नसतं."

ती खरं बोलत होती, आणि त्यानं मला काही बरं वाटलं नाही. माझं 'हो' माझ्याजवळ होतं, ते मी तिला दिलं असतं. तिनं ते मला न विचारताच वापरून टाकलं होतं. आईनं बाहेरून हाक मारली, जेवायला किती वेळ? मी मेथी धुवायला उठले. ताईनं देठ गोळा केले आणि केर कुठं टाकायचा म्हणून विचारलं. मी दाखवलं.

ती परत जाताना म्हणाली, एकदा ये माझ्याकडे. मी बघते म्हटलं. मी अजून गेलेली नाही.