पापणी बघणारी भाजीवाली

नेरूळ नवंनवं होतं, तेव्हा मी हट्टाने सगळं कच्चंच खायचे; दूधसुद्धा बंद. डॉक्टर म्हणाले, शरीरात लोह कमी झालंय. हे जासईहून येणाऱ्या भाजीवालीला सांगितलं, तेव्हापासून ती रोज पदराला बोट पुसून माझी खालची पापणी ओढून बघायची.

"पांढरीच हाय," म्हणायची आणि मोडाच्या मटकीवर, मेथीवर लिंबू पिळायला बजावायची. "भाजीवर पानी मारलं की ताजी दिसते, बाय. मानसाचं तसं न्हाय."

काही महिन्यांनी मी रक्ताचा चांगला रिपोर्ट नाचवत तिच्याकडे गेले. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. पापणी ओढली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगो, बगा! माजी भाजी हिच्या अंगी लागली!"