गाडी कोण चालवून राहिला?

मोबाइल रिपेरिंगच्या दुकानात जुने चार्जर कसे साठतात? कोणाचा, कधीचा, कोणालाच माहीत नसतं. फेकायला जावं तर वाटतं, राहू दे, चालू असेल. किस्सेही तसेच साठतात. पांढुर्ण्यात सुधाकरच्या दुकानी बसून बसून माझ्याकडे असा अख्खा डब्बा भरला आहे. सातवीत गुरुजींनी मला आणि मी गुरुजींना सोडलं, तेव्हा लिहिण्यात चुका निघतीलच. काढणाऱ्यानं काढाव्या. त्याला दुसरं काम नसेल!

सुधाकर समोर मोबाइल दुरुस्त करतो. मागच्या खोलीत त्यानं मोठा टीव्ही लावून पोट्ट्यांसाठी कार रेसचा गेम ठेवला आहे. पोट्टे शाळेत गेले की टीव्ही आम्हा बुढ्यांचा. पहिल्याच दिवशी सुधाकर म्हणाला, "नाना, यात लहान लेकरांसाठी मदती आहेत. एक लावली की गाडी आपोआप पळते. दुसरी लावली की गाडी कडेला गेली तरी आपोआप आत येते."

"मंग माणूस काहून लागते बे?"

"पैसे द्याले!"

*

शामरावभाऊ मूळचे लोधीखेड्याचे. उभी हयात संत्र्याचा ट्रक चालवला. असा माणूस गेमचा रिमोट घेऊन बसला म्हटल्यावर आम्ही सगळे सरसावलो. पहिलं वळण आलं. गाडी झकास वळली. शामरावभाऊंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"सुधाकर, हे गाडी कोण चालवून राहिला?"

"तुम्हीच, भाऊ."

"मी तं अजून वळवलीच नाही!"

"ते मदत आहे भाऊ. गाडी पडू देत नाही."

भाऊंचे कान लाल झाले. "माह्या स्टेअरिंगले आजवर क्लिनरनं हात नाही लावला, मालकानं नाही लावला. हा कोण होय? बलाव त्याले बाहेर!"

सुधाकरनं मुकाट्यानं मदत बंद केली. भाऊ निघाले. अर्ध्या रेसमध्ये त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं, भाऊ?"

"मांगचे लय घाई करून राहिले. जाऊ दे त्याईले."

सगळे गेले. भाऊ शेवटचे आले आणि छाती काढून उठले. "पाहा! गाडीले एक खरोच नाही!"

*

धनराजभाऊ संत्र्याचे व्यापारी. शामरावभाऊंच्या देखादेखी त्यांनीही गाडी सांभाळणारी मदत बंद करून घेतली. त्यांचा फोन म्हणजे त्यांचा तिसरा कान. आता गेममधली गाडी रस्ता सोडून उतरली की रिमोट हातात थरथरतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला हातालाच कळावं, अशी ती सोय. पण धनराजभाऊंना कळलं भलतंच. रिमोट थरथरला की ते रिमोट टाकायचे आणि खिशातून फोन काढून ओरडायचे, "हॅलो! हाओ, माल भरूनच राहिलो!"

तेवढ्यात गाडी दरीत!

शेवटी सुधाकरनं त्यांना समजावलं. भाऊंना पटलं. मग फोन खरंच थरथरायला लागला आणि भाऊ रिमोट डावी-उजवीकडे फिरवत बसले. "उतरली वाटते पुन्हा!" फोन वहिनींचा होता. थोड्या वेळानं वहिनी स्वतः दुकानात आल्या.

त्या दिवशी भाऊंना कोणतीच मदत कामी आली नाही.

*

माही ही शामरावभाऊंची नात. रामाकोन्याला राहते, दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडे आली होती. दहा वर्षांची पोरगी. डावा हात जन्मापासून मिटलेला, त्यानं काही धरता येत नाही. जीभ मात्र दोन हातांचं काम करते! गाडी आपोआप पळण्याची मदत ती लावायची आणि उजव्या हातानं नुसती वळवायची. दोन दिवसांत सगळ्या सेटिंग तिला सुधाकरपेक्षा जास्त पाठ झाल्या.

एकदा धनराजभाऊ रेस संपल्यावर नाचायलाच लागले. "पयला आलो! पयला आलो!"

माही म्हणाली, "आबाजी, पयली तं सुधाकरकाकाची लाल गाडी आली. तुमची हिरवी थ्या नालीत पडून आहे."

"काही सांगते का वं! दोन्ही सारख्याच तं आहेत!"

पोरीनं सेटिंगमध्ये जाऊन रंग बदलले. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी ती मदत. भाऊ टीव्हीकडे पाहतच राहिले. "अरे बापा! ह्या दोन होत्या?"

आता धनराजभाऊंची मंडीत ख्याती काय? माणूस संत्रं पाहत नाही, हुंगतो! नाकानं माल पारखणारा एकच व्यापारी! मी म्हणालो, "म्हणजे भाऊ, इतके वर्षं हिरवं संत्रं अन् पिकलं संत्रं तुम्हाले..."

भाऊंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाना, मंडीत बोलला तं पाह!"

मग माहीला हळूच म्हणाले, "पोरी, हे मदत संत्र्यावर नाही लावता येत का वं?"

*

दिवाळीला धनराजभाऊंचे नागपूरचे जावई आले. सोबत बारा वर्षांचा मुलगा अंशुल. जावईबापू दुकानात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कॉलेजात असताना मला गेममध्ये कोणी हरवू शकत नव्हतं."

जावयाला कोण हरवणार? मी मोठ्या मानानं त्यांच्या हातात रिमोट दिला. त्याआधी गाडी पळण्याची आणि वळण्याची, दोन्ही मदती लावल्या आणि रिमोटमधले सेल काढून माझ्या खिशात टाकले.

जावईबापूंनी काय बटणं दाबली! काय वाकले, काय झुकले! घाम आला. पाचवे आले.

"सवय सुटली हो," ते म्हणाले. "पण कंट्रोल बघितला ना तुम्ही? गाडी एकदाही पडू दिली नाही!"

मी सेल त्यांच्या हातावर ठेवले. "हे टाकून खेळले असते तं पयले आले असते, बापू!"

सासऱ्यासमोर जावयावर हसता येत नाही म्हणतात. पण सासरेच हसून हसून खुर्चीवरून खाली पडले होते!

*

याचा राग जावईबापूंनी कुठं काढावा? रविवारी सुधाकरनं पोरांची रेस ठेवली होती, खेळणारे दोघं: माही आणि अंशुल. धनराजभाऊंनी बक्षिसाला संत्र्याचं क्रेट लावलं, स्वतः हुंगून निवडलेलं. माही आठ दिवस त्या रेसचंच बोलून राहिली होती. सोमवारी रामाकोन्याला परत जायचं होतं आणि शाळेतल्या पोरींना जिंकल्याचं सांगायचं होतं.

अंशुल म्हणाला, "ही मदतवाली आहे. मदत लावून खेळते. चीटिंग!"

जावईबापू अंपायर झाले. "बरोबर आहे. सगळ्या मदती बंद. फेअर म्हणजे फेअर."

माहीनं डावा हात फ्रॉकमागे लपवला. शामरावभाऊंनी मान खाली घातली. मी विचारलं, "सगळ्या म्हणजे सगळ्यांच्या, बापू?"

"सगळ्यांच्या!"

"शंभर टक्के बरोबर!" मी टाळी वाजवली.

माहीनं माझ्याकडे पाहिलं. "नाना, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहा?"

मी सुधाकरला डोळा मारला. सुधाकरनं दोघांच्या सगळ्या मदती बंद केल्या. रेस सुरू झाली.

अंशुलची गाडी सुसाट सुटली, पुलावर चढली आणि सरळ नदीत! गेमनं तिला उचलून पुन्हा पुलावर ठेवलं. पुन्हा नदीत!

"पप्पा, रिमोट खराब आहे!"

जावईबापूंनी रिमोट बदलून दिला. नदी तीच.

"रिमोट चांगला आहे," सुधाकर म्हणाला. "तुह्या गाडीची मदत बंद केली."

"मी कुठं मदत लावतो?"

"लावा लागत नाही, बाळा. गाडी आत ओढाची मदत कंपनीतूनच लागून येते. सगळ्याईले."

इकडे माहीची गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभीच. हात एक. वळवावं की बटण दाबावं? डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आज माझी मस्करी पोरीलाच भोवली.

तिनं नाक पुसलं. रिमोट खाली चटईवर ठेवला. उजव्या हातानं रिमोटवरची वळवायची दांडी धरली आणि पायाचा अंगठा बटणावर ठेवला.

गाडी हलली! बारशाला निघालेल्या बाईसारखी, कुठं घाई नाही. पूल आला. सावकाश पूल गेला. अंशुल नदीतून वर, वरून नदीत. रंगांची मदतही बंद होती, तेव्हा धनराजभाऊ माहीच्या गाडीकडे पाहून ओरडत होते, "शाब्बास अंशुल!"

माहीनं रेघ ओलांडली.

जावईबापूंनी हात वर केला. "एक मिनिट. पायानं खेळणं रूलमध्ये नाही!"

शामरावभाऊ उठले. अगदी नम्रपणे म्हणाले, "जावईबापू, तुमच्या कारचा ॲक्सिलेटर तुम्ही कायनं दाबता?"

जावईबापू आपल्या पायाकडे पाहू लागले.

मी त्यांच्या मागं पाहिलं. अंशुल चटईवर बसून हळूच पायातला मोजा काढून राहिला होता.