पोतंवाला आणि देवीचा टाक

मी लालबागचा माणूस. फुकट प्रसाद देणाऱ्याचेही हात आधी नीट बघून घेतो. त्यामुळे देवाची कृपा माझ्याकडे कधी आलीच असेल, तर माझा चेहरा बघून दारातूनच परत गेली असेल. त्यात बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेलं. परळच्या त्या इस्पितळात डॉक्टरांपासून सलाइनच्या बाटलीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. सगळ्यांत जास्त संशय शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलावर. आटपाडीकडचा, पन्नाशीचा, काखेत कायम एक रिकामं पोतं. इस्पितळात रिकामं पोतं कशाला लागतं, तुम्हीच सांगा!

हिच्या सांगण्यावरून घरच्या देव्हाऱ्यातला कुलदेवीचा चांदीचा टाक मी लाल फडक्यात बांधून आणला होता. हिने तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "माहीमच्या शीतळादेवीला नि मग प्रभादेवीला भेटवून आणा, संध्याकाळी माझ्या उशाखाली ठेवा. त्याशिवाय मी आत जायची नाही. आणि चालत जा हां. ती एवढी वर्षं आपल्या देव्हाऱ्यात कोंडलेली, तिला जरा मुंबई दिसू दे."

पोतंवाला सगळं ऐकत होता. "किती लांब हाय वो माहीम?" त्याने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि खिशातलं पाकीट चाचपलं. चोराला कोण रस्ता सांगतं?

चालत कसला जातोय! माझी स्कूटर अशी की लाल सिग्नल मला बघून घाईघाईने हिरवा होतो. हुकाला दोन पिशव्या, दोन्ही काळ्या. एकीत टाक, दुसरीत घरचं आठवडाभराचं निर्माल्य. एका खेपेत दोन कामं. शीतळादेवीच्या पायरीला पिशवी टेकवली, डोळे मिटायचेही राहिले. मग कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर, इंजिन बंद न करता, निर्माल्याची पिशवी अशी भिरकावली की आफ्रिकेतच पडावी. प्रभादेवीच्या दारात उरलेली पिशवी उघडली. आत सुकलेला झेंडू.

तेव्हा मला एवढा घाम फुटला की रस्त्यावर पाणी साचलं म्हणून लोकांनी पालिकेला फोन केले असतील. देवीलाच मी समुद्रात फेकलं होतं, आणि तिच्याशिवाय ही ऑपरेशनला जाणार नव्हती. तसाच उलटा किनाऱ्यावर आलो. ओहोटी होती. माझी आफ्रिका दहा पावलांवरच होती, पण खडकांत पिशवी नव्हती. एक कोळीण जाळं निवडत बसली होती. तिला विचारलं.

"टाका अजून!" ती म्हणाली. "माझ्या घोवाच्या जाळ्यात म्हावरं कमी नि तुमचे देव जास्त. एक पोतंवाला आलेला मघाशी. पाण्यात उतरून पिशव्या उचलत होता. एकीतून लाल फडकं काढलं, कपाळाला लावलं नि चालू पडला."

पोतंवाला! माझा संशय खरा ठरल्याचा आनंद झाला, हे कबूल करायला आज लाज वाटते. दुपारभर दादरच्या सराफांच्या दारांत उभा राहून मी आत जाणाऱ्या प्रत्येकाची काख तपासली. एका दुकानाच्या रखवालदाराने शेवटी मलाच हटकलं. भेटीच्या वेळेला रिकाम्या हाताने इस्पितळात आलो.

पोतंवाला आईला पेज भरवत होता. हिने उशी किंचित उचलली. खाली लाल फडकं.

"यांच्या हाती कशाला पाठवलात?" ही म्हणाली. "स्वतः कुठे होतात?"

"सायबांनीच धाडला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "परभादेवीला टेकवला, मग आलो चालत."

थाप मारायला एवढी तयार संधी मला जन्मात मिळाली नव्हती. पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. स्कूटर, दोन पिशव्या, सराफ, सगळं. आणि त्याच्याकडे वळून म्हणालो, "मी तुला चोर समजलो रे." तो हसला. "पोतं बगून समदीच समजत्यात. आयच्या उशाला नुसतं बसलं की जीव खालवर हुतो. म्हून हिंडतो. ज्या गावात जाईन तितं चार पिशव्या उचलतो. आपण पावणं. पावण्यानं आपलं ताट तरी उचलावं का न्हाई? आन् तेवढं केलं की मन जाग्यावर येतं बगा."

ही म्हणाली, "म्हणजे देवी चालत आली, आणि तुम्ही स्कूटरवर हरवलात." आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती खदखदून हसली.

सकाळी ती हसऱ्या चेहऱ्याने आत गेली आणि दुपारी सुखरूप बाहेर आली. त्यात देवीचं किती आणि डॉक्टरांचं किती, हे मी, एवढा संशयी माणूस, आजवर कुणाला विचारलेलं नाही. मी हात जोडले, आणि या वेळी डोळे मिटले.

आता महिन्यातून एकदा मी माहीमला चालत जातो. वाटेत कुठल्या गल्लीत बकुळीचं झाड आहे ते साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं. किनाऱ्यावर पिशव्या उचलतो. कोळीण अजून माझी टर उडवते, पण पाणी देते. माझ्या काखेतलं पोतं बघून लोक संशयाने बघतात, पाकिटं चाचपतात. मी रागावत नाही. देवी पोतं घेऊन आली तेव्हा मीही माझं पाकीट चाचपलंच होतं.