अव्वल कारकुनाची नात

घरातलं काही बदललं की मी कळवते. ॲथलोनहून ओंगारला राहायला आलो तेव्हा सामानाचे खोके उघडायच्या आधीच मी नवा पत्ता सगळीकडे कळवून मोकळी झाले होते. बँक, गाडीचा विमा, दवाखाना आणि मुलांचा भत्ता देणारं सरकारी कार्यालय. आयर्लंडमध्ये मूल वाढवणाऱ्या घराला दर महिन्याला हा भत्ता मिळतो आणि तो बहुधा आईच्या नावावर येतो. त्यामुळे कळवायचं कामही आईचंच. नवरा म्हणायचा, "तू सरकारला जेवढं सांगतेस तेवढं मला सांगत नाहीस." खरं होतं. सरकार विचारायचं तरी.

२०१६ मध्ये सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. नवरा तेव्हा कॉर्कच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता, एकाआड एक शनिवार-रविवार घरी यायचा. मी एका कंपनीत प्रोजेक्टची वेळापत्रकं सांभाळायची. सात वर्षांच्या आमच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत, तेही ओंगारच्या. आजीने "जेवलीस का?" विचारलं की ती म्हणायची, "आयम ग्रँड." इथे त्याचा अर्थ एवढाच, की मी ठीक आहे. सासूबाई माझ्याकडे वळायच्या, "म्हणजे जेवली की नाही जेवली?"

जूनअखेर शाळेला सुट्टी लागली आणि सासूबाई नातीला घेऊन नागपूरला गेल्या. ऑगस्टअखेर आमच्याच वसाहतीतलं एक कुटुंब नागपूरहून परतणार होतं, त्यांच्याबरोबर ती येणार असं ठरलं होतं. तिकीट मीच काढलं होतं.

ते कुटुंब परतलं. मुलगी आली नाही.

"महालक्ष्म्या तोंडावर आल्या," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "झाल्या की पाठवते." महालक्ष्म्या झाल्या, मग दसऱ्याचं निघालं. मधल्या काळात तिला मागच्या गल्लीतल्या शाळेत "नुसतं बसवलं" होतं, घरी कंटाळते म्हणून. नुसत्या बसवलेल्या मुलीला गणवेश शिवला होता. तो कशाला, हे मी विचारलं नाही. सुनेने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: गुडघा कसा आहे, पाऊस झाला का.

मुलगी मजेत होती, हीच अडचण होती. व्हिडिओ कॉलवर अर्धं कपाळ दाखवून ती म्हणाली, "आई, मी खेळून राहिली ना, मग बोलते."

नवरा खूश झाला. "ऐकलंस? काय मराठी बोलायला लागली!"

"अरे, पण तिची इथली शाळा सुरू झाली."

"तात्पुरतं आहे गं. आत्ता पाठव म्हटलं तर आई दुखावेल."

"आणि मी?"

"तू प्रॅक्टिकल आहेस."

प्रॅक्टिकल बाईने मग भत्त्याच्या कार्यालयाला फोन केला. मूल देशाबाहेर राहायला गेलं की कळवायचं असतं, तसा नियम आहे. पलीकडची बाई गोड बोलत होती. आजीकडे गेली म्हटल्यावर तिला आनंद झाला.

"तात्पुरती गेली की कायमची?"

"तात्पुरती."

"मग परत कधी येणार?"

कोणत्या आठवड्यात कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. माझी मुलगी घरी कधी येणार, हे मला सांगता येईना. फोनवरची बाई म्हणाली, काळजी करू नका, आम्ही पत्र पाठवू, तीन आठवड्यांत लेखी कळवा. तोवर भत्ता थांबेल.

वसाहतीतल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "हे कोण कळवतं? तू म्हणजे रेशनची उरलेली साखरसुद्धा दुकानात परत नेऊन देशील."

नवऱ्याचं म्हणणं, एवढी घाई काय होती. घाई कसलीच नव्हती. पण महिनाभरात मला सरळ प्रश्न विचारणारी ती कार्यालयातली बाई पहिलीच होती, आणि तिचा प्रश्न वाया घालवायची माझी इच्छा नव्हती. योग्य ठिकाणी तो पुढे पाठवायचा होता.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या. सुनेचं म्हणणं त्या बाजूला ठेवू शकत होत्या, मुलाचंही. सरकारी पत्र बाजूला ठेवणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही.

"आई, सरकारचं पत्र आलंय," मी म्हटलं.

टीव्हीचा आवाज बंद झाला. "कोणत्या खात्याचं? वाच."

मी मराठी करत वाचलं.

"मुदत किती?"

"तीन आठवडे. त्यातला एक गेला."

"स्मरणपत्र तर नाही ना आलं?"

"नाही, पहिलंच आहे."

"मग स्मरणपत्राची वाट पाहायची नाही. उत्तर देऊन टाक."

"दोन रकाने आहेत, आई. तात्पुरतं की कायमचं. तात्पुरतं असेल तर परतीची तारीख."

पलीकडे पंखा बंद झाला.

"कायमचं कसं लिहिशील?" त्या म्हणाल्या. "पोरगी तुझी आहे."

"मग तारीख लागेल."

"दिवाळीनंतर लिही."

"दिवाळीनंतर ही तारीख नाही ना."

"नाही," त्यांनी मान्य केलं. असली उत्तरं त्यांनी स्वतः परत पाठवली असणार. "भाऊबीज झाली की तिसऱ्या दिवशी निघेल. तारीख पाहून घाल. आणि एकदा लिहिली की बदलायची नाही." मग थोड्या खालच्या आवाजात, "हे पत्र तू मागवलंस ना?"

"कळवायचा नियम आहे, आई."

"तो असेलच. मला सरळ सांगितलं असतं तर?"

"पाठवली असती?"

"नसती," त्या म्हणाल्या. "घर भरल्यासारखं वाटून राहिलं होतं."

गुडघा कसा आहे, एवढंच मी विचारलं. बरा आहे म्हणाल्या.

दिवाळीला नवरा रजा काढून गेला आणि लिहिलेल्या तारखेला तिला घेऊन निघाला. सगळं आपण समजुतीने मिटवलं, असं त्याचं आजही मत आहे. विमानतळावर मुलगी माझ्या कमरेला बिलगली आणि गाडीत बसल्यावरही अखंड मराठी बोलत राहिली, मागच्या गल्लीतल्या शाळेतल्या मैत्रिणींबद्दल. मी गाडी चालवत ऐकत होते. इथल्या शाळेची मिडटर्मची सुट्टी संपत होती. सोमवारी ती आपल्या वर्गात जाऊन बसली.

त्याच सकाळी सासूबाईंचा फोन आला. "कळवलंस का, परत आली म्हणून?"

"हो, फोन केला."

"फोनची पोच नसते. लेखी कळव."

मी लेखी कळवलं आणि त्यांना तसं फोन करून सांगितलं.

"आणि मला?"

"तुम्हाला काय, आई? तुम्हीच तर पाठवलीत."

"पाठवणाऱ्यालाही पोच लागते."

मग मी शाळेच्या फाटकापाशी सकाळी काढलेला फोटो त्यांना पाठवला. उत्तर आलं, "मिळाला." मला वाटलं, प्रकरण निकाली निघालं. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला. "स्वेटर ढगळा दिसून राहिला. खाते की नाही?"

संध्याकाळी मुलीला विचारलं, डबा संपवलास का. ती दप्तर जिन्यात टाकून वर पळाली. "आयम ग्रँड."

सासूबाईंना मी लिहिलं, जेवली. मग वर जाऊन खात्री करून घेतली.