चौथी किनार

रघुजीच्या हातची फ्रेम वाकडी निघाली असं बंगळूरच्या चिकपेटात कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं त्यालाच वेड्यात काढलं असतं. आजोबांपासूनचं दुकान. जागा एवढीशी की गिऱ्हाईक आत आलं की रघुजीनं अंग चोरायचं. पण फ्रेमचे चारी कोपरे असे जुळायचे की नखसुद्धा अडकायचं नाही. त्याला खोड मात्र एक होती. चित्र फ्रेमपेक्षा मोठं निघालं की तो फ्रेम बदलायचा नाही, चित्र कापायचा. देवाच्या तसबिरीतलं वरचं आभाळ, लग्नाच्या ग्रुपफोटोतली कडेची रिकामी खुर्ची, कुणाच्या दिवंगत सासऱ्यांच्या कोटाचं खालचं बटण. "फालतू जागा," म्हणत खुशाल कात्री चालवायचा. तीस वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती, त्यामुळं खोड पक्की झाली होती.

१९९४ साली हेब्बाळच्या पुढच्या एका गावात तिथल्या मराठी मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. पाहुणे म्हणून इंदिरानगरचे चित्रकार पवनकुमार यायचे होते. गावात पोरींसाठी कसूतीचा, म्हणजे आपल्या कशिद्याचा, वर्ग निघणार होता आणि शिकवायला कोणाला नेमायचं ते पवनकुमारांच्या सल्ल्यानं ठरायचं होतं. तसं ते ठरल्यासारखंच होतं. सगुणाबाईंसारखा हात आसपासच्या पाच गावांत नव्हता.

सगुणाबाई म्हणजे रघुजीची चुलत आत्या, पण सगळ्या गावासारखा तोही त्यांना अक्काच म्हणायचा. माहेर धारवाडकडचं, वय सत्तरीला टेकलेलं. कसूतीत गाठ मारायची नसते. दोरा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत आणायचा, म्हणजे कापड उलटं धरलं तरी नक्षी तीच. सगुणाबाई तर झालेलं काम डोळ्यांनी बघायच्याच नाहीत, बोटं फिरवायच्या. आपलं कापड रघुजीच्या हातात देताना त्या लाजून म्हणाल्या होत्या, "रघू, आता पोरी मला टीचर म्हणतील रे."

प्रदर्शनाच्या फ्रेमा रघुजीनं हौसेनं करून दिल्या. भिंत एकसारखी दिसावी म्हणून सगळ्या एकाच मापाच्या. सगुणाबाईंचं कापड चार बोटं जास्त निघालं. मागं दुमडून पाहिलं तर काच बसेना. दोन पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावन हे सगळं मधोमध होतं. उजव्या कडेला नुसती किनार. रघुजीनं नेहमीसारखी कात्री चालवली आणि पुढची फ्रेम घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी पवनकुमारांनी आधी फ्रेमांचंच कौतुक केलं. करणारा कोण म्हणून विचारलं, रघुजीच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "सोमवारी घरी या. माझी सगळी चित्रं तुमच्याकडंच देतो." रघुजीला आभाळ ठेंगणं झालं. दुकानाच्या पाटीवर पवनकुमारांचं नाव कुठं घालायचं, हेसुद्धा त्यानं चालता चालता ठरवून टाकलं.

सगुणाबाईंच्या कापडासमोर पाहुणे बराच वेळ थांबले. मग हळू आवाजात, कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं म्हणाले, "पालख्या फार सुंदर. पण किनार तीनच बाजूंना आहे. चौथीकडं येईतो बाईंचे डोळे थकलेले दिसतात. या वयात एवढं केलं हेच खूप झालं."

आपण काय कापलं ते रघुजीला तेव्हा कळलं.

सगुणाबाई पुढं आल्या. उजव्या कडेवर त्यांनी बोटं फिरवली, पण बोटांना काच लागली. "मी घातली होती की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मागं वळून रघुजीकडं पाहिलं. "घातली होती ना रे?"

कापड पुरं पाहिलेला तिथं तो एकटाच होता. होय म्हणायचं होतं, बस्स. पण खांद्यावर अजून पवनकुमारांचा हात होता. रघुजीनं पुढं होऊन फ्रेम खिळ्यावर सरळ केली. ती मुळात वाकडी नव्हतीच.

"सरी, असू दे," सगुणाबाई म्हणाल्या. "डोळे गेले म्हणायचे. नीला शिकवू दे पोरींना." नीला त्यांच्याच हाताखाली शिकलेली. वर्ग तिला मिळाला.

सोमवारी रघुजी इंदिरानगरला गेला, काम घेऊन आला. गल्लीत त्याचं वजन वाढलं. आणि घरी तो जेवता जेवता मध्येच थांबायला लागला. स्वतःची त्याला किळस यायची. कात्री हातात घेतली की अक्कांची ती काचेवरची बोटं दिसायची. दर रविवारी तो उद्या जाऊन सांगतो म्हणायचा आणि दर सोमवारी कसलं तरी काम काढायचा. गणपती झाले, दसरा झाला. गिऱ्हाईकाला तो आता म्हणायचा, "मोठी फ्रेम घ्या, मी कापत नाही." लोकांना वाटायचं, पाहुण्या चित्रकाराचं काम मिळालं आणि रघुजीला शिंगं फुटली.

सहा महिन्यांनी तो हेब्बाळची बस धरून गेला. सगुणाबाई ओसरीवर नुसत्या बसल्या होत्या. शेजारी सून तांदूळ निवडत होती.

"दोरे सगळे नीलाला देऊन टाकले," त्या म्हणाल्या. "नजर नाही रे आता. स्वल्प जवळ येऊन बस." तो बसला. त्यांनी हात लांब करून त्याच्या कॉलरवरून काहीतरी चिमटीत उचललं. "भुसा घेऊन फिरतोस होय गावभर?"

चिमटीत मोहरीएवढा लाकडाचा कण होता. रघुजीला मग राहवेना.

"अक्का, किनार होती. चारी बाजूंना होती. फ्रेममध्ये बसेना म्हणून मी कापली."

सगुणाबाईंनी तो कण अंगणात टाकला. सुनेचे हात सुपात थांबले.

"किती कापलीस?"

"चार बोटं."

"त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होय, अक्का." त्याचे डोळे भरून आले. "मी मंडळासमोर सांगतो. चित्रकारांनाही सांगतो. मला काय वाटेल ते बोला."

घरात त्यांची नात अक्षरा, पाच वर्षांची, आपल्याच नादात गात होती. सगुणाबाई तिकडं बघत राहिल्या.

"गेल्या महिन्यात हिच्या पायात काटा मोडला," शेवटी त्या म्हणाल्या. "सून कामावर गेलेली. पोर 'आजी, काढ' म्हणून रडत होती. सुई माझ्या हातात होती, रघू. काटा मला दिसत होता. पण दिसतंय ते खरं की नाही, म्हणून मी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत रडू दिलं तिला."